बाबांच्या नाकाचा भरवसा

३ डिसेंबर

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

सुट्टीत सगळे तुझ्याकडे जमणार हे वाचून बरं वाटलं. मला मात्र यंदा जमेलसं दिसत नाही. मोरीतला नळ गळतोय आणि दुरुस्तीवाला नेमका त्याच आठवड्यात येणार आहे. शिवाय शेजाऱ्यांचं मांजर सांभाळायचं कबूल करून बसलोय. माझ्या वाटणीचं पुडिंग जावईबापूंना दे, ते नाही म्हणायचे नाहीत. पोरांना एकेक टपली.

कळावे. माया आहे तशीच आहे.

तुझे बाबा

६ डिसेंबर

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

बाबा येत नाहीत. कारण काय, तर नळ आणि मांजर! ज्या माणसाने जन्मभर डेअरी चालवताना एक दिवस खाडा केला नाही, तो मांजरासाठी अडलाय होय? आमच्याकडे बाबा पहिला चमचा चाखून, डेअरीत दुधाचे कॅन घेताना म्हणायचे तसं, “उतरवा” म्हणत नाहीत तोवर कोणी घास उचलत नाही, हे तुला ठाऊक आहेच. ते नसले तर ताटं वाढून उपयोग काय? माझ्यावर रागावलेत का? तुझ्याशी बोलले असतील तर मला सांग.

तुझी लाडकी, आणि सध्या रडकी,

ठकी

१० डिसेंबर

चि. ठकीस, अ. उ. आ.

दादाने मला शपथ घातली होती, ती आज मोडते. अगं, त्याला दूध सोसत नाही. गेल्या वर्षापासून दूध, लोणी, चीज, काहीही पोटात गेलं की मुरडा. डॉक्टरांनी सांगितलं, वयाने होतं असं, दुधातली साखर पचत नाही. यात लाजण्यासारखं काय? पण ज्याने गावाला दूध पाजलं त्यालाच ते पचू नये, म्हणजे लोक हसतील, असं त्याच्या डोक्यात बसलंय. मागच्या सुट्टीत तुझं पुडिंग खाऊन तो दोन दिवस आडवा होता. तुला सांगवेना, खाववेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी सांगितलं हे त्याला कळलं तर माझ्याशी जन्मात बोलणार नाही, तेव्हा जपून.

गुडघा बरा आहे. आठवण काढत जा.

आत्या

१७ डिसेंबर

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग ओट्याशी उभी राहिले. यंदा दुधाची तहान नारळावर! काजू भिजवून बारीक वाटले की सूप साईसारखं दाट होतं. पुडिंगला नारळाचं दूध. केक तेलातला, पहिला विटेसारखा झाला, तो पोरांनी चहात बुडवून संपवला. लोण्याचा डबा शेजारी देऊन टाकलाय.

बाबांना मी काही सांगणार नाही. सांगायची गरजच नाही. कॅनचं झाकण उघडल्याबरोबर सकाळचं दूध कुठलं आणि रात्रीचं कुठलं हे सांगणारं नाक आहे ते. वासावरूनच कळेल की यात दूध नाही, आणि निर्धास्त जेवतील. तुझं नावही निघणार नाही.

सुट्टीच्या आदल्या दिवशी हे पाना घेऊन बाबांच्या नळाकडे जातील. येताना बाबांना आणतील, आणि मांजरालाही.

तुझी,

ठकी

२८ डिसेंबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आलात, सगळं दोनदोनदा वाढून घेतलंत, मला केवढा आनंद झाला. पण मग खोलीत गेलात आणि दार लावून घेतलंत. सकाळी मांजराची टोपली उचलून पहिल्या गाडीने निघालातही. पोरं विचारतात, आजोबा का गेले? मी काय सांगू?

सूपात काजू होते, पुडिंगात नारळ होता, हे तुम्ही वासावरूनच ओळखलं असणार. म्हणजे आत्याने मला सांगितलं हेही ओळखलंत. तिच्यावर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण घरी येणं सोडू नका. तुमच्याशिवाय मला सुट्टी गोड लागत नाही.

तुमची,

ठकी

३ जानेवारी

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि इतका हसलो की मांजर माळ्यावर पळालं. अगं वेडे, मला काहीसुद्धा कळलं नव्हतं. या नाकाला आता चहा उतू गेलेलाही कळत नाही.

सूपाचं झाकण उघडलंस, वर ते दाट पांढरं दिसलं आणि मी मनात म्हटलं, मेलो. पण तू चमचा धरून समोर उभी, कपाळाला पीठ लागलेलं. म्हटलं, पोरीने एवढं राबून केलंय, दोन दिवस पोट दुखलं तर दुखू दे. मग खोलीत जाऊन पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून वाट बघत पडलो. काही होईना. उशिरा होईल, तुझ्या घरी तमाशा नको, म्हणून सकाळी पळालो. वाटेतही काही नाही. मला वाटलं, दुखणं आपोआप गेलं. त्या आनंदात घरी येऊन पेलाभर गरम दूध प्यायलो. पुढचं विचारू नकोस. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच.

आत्याला कळव, मी रागावलेलो नाही. काल चहाच्या दुकानात डेअरीतली जुनी मंडळी भेटली. सगळ्यांदेखत बिनदुधाचा चहा मागवला आणि कारणही सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. उलट टँकरवाला हळूच म्हणाला, त्यालाही सोसत नाही, घरी तो पित्त झालंय म्हणून सांगतो.

तू मला न विचारता माझ्यासाठी सगळं स्वयंपाकघर बदललंस. मी मात्र नळाची थाप मारून तुला टाळत होतो. याचं फार वाईट वाटतं, आणि तुझा अभिमान तर त्याहून जास्त वाटतो.

पुढच्या सुट्टीला मी आठवडाभर आधी येईन. काजू कसे वाटतेस ते दाखव. नुसतं आयतं चाखण्यात फार वर्षं गेली. आता मलाही तुझ्यासाठी काहीतरी रांधायचं आहे.

पोरांना मांजराचा नमस्कार, आणि तुझ्यावर आहे त्याहून थोडी जास्तच माया.

तुझे बाबा