दत्ताच्या नळीचं हाड

खुटबाव, मंगळवार, ११ नोव्हेंबर २००३

स्वतःची किळस येतीय. भरतीला आठ दिवस राहिले आन् आज पळता पळता दत्ता पाटस रोडवर पाय धरून खाली बसला. डॉक्टर म्हणाले, नळीचं हाड चिरलंय, दीड महिना प्लास्टर.

पंधरा दिवस सांगत होता, "नळी लई ठणकती रं." मी म्हणायचो, "गोळी घे आन् पळ. मिल्ट्रीत कोण लाड करणार हाय?" आन् माझी नळी दुखली तवा? गुपचूप वडगाव रासाईला, फौजेतनं रिटायर झालेल्या आप्पांकडं गेलो. ते म्हणाले, "चार दिवस आराम कर. मग डांबर सोडून मातीतनं पळ." दत्ताला थाप मारली, पाहुण्यांकडं गेलो व्हतो म्हणून. तवापासनं रोज मी कडंच्या मातीतनं, तो डांबरावर. का सांगितलं न्हाई? तो माझ्यापेक्षा जोरात पळायचा. दुसरं कारणच न्हाई.

संध्याकाळी सगळं कबूल करायला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला. म्हणाली, "आता तू तरी भरती हो, बाबा." दत्ता म्हणाला, "माझं बूट घेऊन जा, नवंच हायती."

चहा संपवला. बूट घेऊन आलो. घालून बघितले. मापात बसले.