उत्तर माहीत असलेले प्रश्न

प्रिय मिस्त्री,

तुझ्या जहाजावर इंजिनाच्या तेलपाण्याला रुजू व्हायला निघालेला तो उंच ऑइलर काल लाँड्रीत आला होता. कपडे घेऊन जाताना म्हणाला, वहिनी, मिस्त्रींना काही द्यायचं असेल तर द्या. मी म्हटलं, पत्र देते. हल्ली पत्र कोण लिहितं, असा चेहरा करून तो बघत राहिला. खरंच आहे त्याचं. पण फोनवर तुला काही सांगायला जावं तर तू निम्म्यातच उपाय सांगून मोकळा होतोस. इंजिन असो की बायको, पुरतं ऐकायच्या आधीच तुझ्या हातात पाना असतो. कागदाला मध्ये तोडता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि वाचून होईस्तोवर फोनला हात लावू नकोस. आणि हो, लाँड्रीत आला होता असंच लिहिलंय मी. मी पुन्हा कामावर जाते आहे. तुला बोलले नाही. न बोललेलं बरंच काही आहे, आणि आज ते सगळं एका दमात सांगून टाकणार आहे.

तुझी शेवटची सुट्टी आठवते ना? आपण दोघं शाळेत गेलो होतो आणि वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, मुलगी हुशार आहे, लिहून सगळं देते, पण तिचा आवाज कसा आहे हे आम्हाला अजून माहीत नाही. जिना उतरताना आपल्याला हसू आवरेना. आपल्या भुणभुणचा आवाज माहीत नाही! झोपेतसुद्धा जिची टकळी चालू असते, दात घासताना फेसासकट जी गोष्ट सांगते, जिचं नावच मुळी तू तिच्या अखंड बोलण्यावरून ठेवलंस, ती शाळेत मूग गिळून बसते? हसू पुढे फार दिवस टिकलं नाही. तिला बोलतं करायचं म्हणून बाई तिला वर्गात रोज उभं करायला लागल्या. स्वतःचं नाव मोठ्यानं सांग आणि खाली बस, इतकंच. ती तास संपेपर्यंत उभी राहायची. मुलं तिला 'मुकी' म्हणायला लागली. सकाळी चढवलेले मोजे ती पुन्हा पुन्हा काढून टाकताना तू पाहिलंस आणि म्हणालास, खड्ड्यात गेली ती शाळा. जी पोर घरात बोलते तिची शाळा घरातच पाहिजे. मलाही ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी मी लाँड्रीच्या मालकीणबाईंना सांगून आले, माझ्या जागी दुसरी कोणी बघा.

तू जाण्याआधी किती हौसेनं सगळं केलंस. खिडकीपाशी बुटकं टेबल, त्याच्या कडा घासून घासून गोल केलेल्या, म्हणजे तिला लागायला नको. बाहेरच्या खोलीची अर्धी भिंत काळ्या रंगानं रंगवलीस आणि भंगारातून आणलेली पितळी घंटा दाराच्या वर टांगलीस. सुरुवातीला मजा आली हं, ते खोटं नाही. दिवसाउजेडी आपलं घर कसं असतं तेच मला माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर दुपारी जेवायला येतात आणि जेवण झाल्यावर ट्रंपेट वाजवतात, तेही वाईट. इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशी ते ऐकू आलं की मी समजायची, पाइपातून हवा जाते. अपूर्णांक मला शाळेत कधी कळले नव्हते, ते तिला समजावताना एका दुपारी लख्ख कळले आणि मी एकटीच टाळ्या पिटत बसले. आणि वाचायला ती कुठे शिकली माहितीये? लाँड्रीत. लहानपणी मी तिला काउंटरमागे बसवायची ना, तेव्हा कपड्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. अजूनही तिला 'कोट' हा शब्द दिसला की पाठोपाठ 'कॉलरवर डाग' असं वाचते. म्हणजे वाचायची, मोठ्यानं.

नव्याचे नऊ दिवस संपले आणि मी जरा जास्तच शहाणी झाले. तुझा तो उत्साह, सासूबाईंचं ते, पोरीला घरी ठेवून वाया घालवताय, आणि माझी नोकरी सोडलेली. काहीतरी करून दाखवायलाच हवं होतं. मग मी घंटा वाजवून शाळा भरवायला लागले. हजेरी घ्यायला लागले, एकटीची. आणि एक नियम केला, गंमत म्हणून केला, देवाशपथ गंमत म्हणून, की घंटा झाली की मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. ती खूप हसली होती. बाई, बाई, आईबाई, असं करत टेबलाभोवती गोल फिरली होती. ते मला अजून दिसतं.

तुला माहीतच आहे की तिला नियम सांगितला की तो ती पाळते. रस्त्यावर एक चिटपाखरू नसलं तरी दिवा हिरवा होईपर्यंत थांबणारी पोर. माझ्या लक्षात यायला उशीर झाला, की मी बाई झाले आणि बाईंशी ती बोलत नाही. आधी उत्तरं पुटपुटत द्यायला लागली. मग मान हलवून. मग सगळं लिहून. मी स्वतःला म्हणायची, टेबलावर नाही तर नाही, शाळा सुटल्याची घंटा झाली की बोलेल. पण ती घंटा झाली तरी माझ्यातली बाई काही घरी जात नव्हती. बटाटे सोलताना मी विचारायची, याचे चार भाग केले तर एक भाग म्हणजे किती? आंघोळीला पाणी काढताना, बादलीत किती लिटर? रस्त्यानं जाताना, वाच बघू ती पाटी. अति तिथे माती म्हणतात, ती मी स्वतःच्या हातानं कालवली. एके सकाळी तिला मी विचारलं, दूध हवंय का, आणि तिनं वही ओढून 'हो' असं लिहिलं. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, मिस्त्री. एक शब्दसुद्धा नाही.

तू आता म्हणशील, काय बोलतेस, रविवारी तर माझ्याशी तासभर गप्पा मारते. मारते. तेच तर सांगायचंय. तुझा फोन आला की ती तो घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. आणि बोलते! वरचे डॉक्टर, त्यांचं ट्रंपेट, समोरच्या छपरावर अडकलेली चेंडूंची रांग, गालाच्या आतला फोड, सगळं. मी दाराबाहेर उभी असते. आधी एकदा जाता जाता थांबले होते, आता रविवार दुपारपासूनच माझं कशात लक्ष नसतं. तिचा एक दात पडला हे मी पाहिलं होतं, पण नवीन दातामुळे तिचा 'स' बदललाय, हे मला दाराला कान लावून कळलं. फोन ठेवून ती बाहेर येते आणि माझ्या बाजूनं अशी जाते की जणू मी कपाटच आहे. आणि तू मला पुढच्या वेळी सांगतोस, काय खुललीय गं पोरगी, तुझ्या शाळेला तोड नाही. मी हो म्हणत राहिले. तिकडे समुद्रात तू काय करणार होतास? आणि खरं सांगू, मला लाजही वाटत होती. आपलीच लेक आपल्याशी बोलत नाही हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय, रागावू नकोस, मला तुझा हेवा वाटत होता. रोज वेणी मी घालते, ताप आला की उशाशी मी बसते, आणि बोलणं सगळं तुझ्या वाट्याला.

म्हणून मी नीट ऐकायला लागले, की हा बाबा असं काय वेगळं करतो. फार दिवसांनी कळलं. तू तिला विचारतोस, आज खिडकीतून काय दिसतंय? डॉक्टरांनी आज कुठलं गाणं बिघडवलं? तुझ्या दाताच्या भोकात जीभ जाते का? तुला यातलं काहीच माहीत नसतं, रे. तू हजारो मैल लांब असतोस, तुला खरंच जाणून घ्यायचं असतं, आणि ती तुला सांगते. मी तिला जे जे विचारत होते त्याचं उत्तर माझ्याकडे आधीच तयार होतं. मी नुसती तिचं चुकतं का ते बघत होते. अगदी सुरुवातीला तिनं मला म्हटलंही होतं, तुला माहीत आहे तर विचारतेस कशाला? मी त्यावर हसून तिचा गालगुच्चा घेतला होता आणि सात आठे किती हे पुन्हा विचारलं होतं.

आता शाळा बंद आहे. घंटा काढून माळ्यावर टाकली, टेबल डॉक्टरांच्या दवाखान्यात दिलं, भिंत मी स्वतः पांढरी केली. तीन हात मारले तरी काळं डोकावतंय, तू आल्यावर हसू नकोस. सकाळी मी लाँड्रीत जाते आणि तेवढा वेळ ती काउंटरमागे बसून चिठ्ठ्या टाचते. मालकीणबाई तिला काही विचारत नाहीत, नुसत्या स्वतःशी गिऱ्हाइकांना नावं ठेवत असतात, आणि परवा म्हणे ती त्यांना म्हणाली, त्या काकांचा कोट नेहमी ओला असतो. मालकीणबाईंनी मला हे अगदी सहज सांगितलं आणि मी शाईचा डाग घासत बसले, मान वर केली नाही. पुढच्या सत्रापासून तिला दुसऱ्या, लहान शाळेत घालते आहे. तिथल्या मुख्याध्यापकांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले, न बोलता बसू दे की, आमच्याकडे बोलणारे भरपूर आहेत. माणूस बरा वाटला. पण माझ्याशी ती अजून गप्पच आहे. मीही आता माहीत असलेलं विचारत नाही. मग लक्षात येतं की तिच्याबद्दल सगळं आपल्याला ठाऊकच आहे असं धरून चालले होते, आणि विचारायला काही सापडतच नाही. एकच प्रश्न आहे ज्याचं उत्तर मला खरंच माहीत नाही, की मी तुला परत आई म्हणून चालेन का. तो विचारायला माझी जीभ उचलत नाही. तिनं वही ओढली तर?

आणि आता हे सगळं आजच का लिहायला घेतलं ते. गेल्या रविवारी तिच्याशी बोलणं झाल्यावर तू मला तुझी आनंदाची बातमी दिलीस, की जहाज कायमचं सोडतोयस, या खेपेनंतर घरीच, गणित आणि विज्ञान तुझ्याकडे, मोठा पृथ्वीगोल घेऊन ठेवलायस, वेळापत्रकसुद्धा आखलंयस. मी फोनवर नुसतं बरं म्हटलं आणि तुला वाटलं मला आनंदानं बोलवेना. ये, मिस्त्री. मला तू घरात हवा आहेस, किती हवा आहेस ते या कागदावर मावणार नाही. पण गोल कुणाला तरी देऊन टाक आणि वेळापत्रक समुद्रात फेक. कुठल्या देशाची राजधानी कुठली ते तिला विचारू नकोस. तुला ठाऊक असलेलं काहीही विचारू नकोस. तू शिकवायला बसलास की ती तुझ्याशीही बोलायची थांबेल, आणि मग दाराला कान लावून ऐकायलाही मला काही उरणार नाही.

तुझीच,
इस्त्री