भोंगा, मी आणि गुप्त सल्ला

सोमवार, ३ मार्च

भोंगा कोर्टात गेला! नगरपालिकेच्या गच्चीवरचा. चाळीस वर्षं रोज पहाटे पाचला कोकलतोय. समोरच्या शिंपीणबाईनं दावा ठोकलाय; म्हणते, झोपेचं खोबरं झालं. केस लढायची की भोंगा उतरवायचा, ते आम्ही सदस्यांनी ठरवायचं.

‘उतरवाच हो!’ — ही. हिलाही त्याचा जाच. मला नाही. मी कानाचं मशीन काढून झोपतो, तरी पाचला आपोआप उठतो. शिस्त!

बुधवार, ५ मार्च

वकिलांचा सल्ला गुप्त, म्हणून दारं-खिडक्या बंद. शिपायालाही बाहेर काढलं. मग वकील म्हणाले, ‘भोंग्यानं ज्यांची झोप मोडते, त्यांचा यात हितसंबंध आला. त्यांनीही बाहेर जावं.’

अध्यक्ष उठले. त्यांच्यामागे एकेक करत बाराच्या बारा! उरलो मी.

‘तुम्ही?’

‘मी मशीन काढून झोपतो,’ मी ऐटीत सांगितलं.

वकिलांनी फाईल उघडली, तोंड उघडलं — आणि मशीनचा सेल संपला!!

वीस मिनिटं त्यांचे ओठ हलत होते, मी मान डोलावत होतो. एवढी ऐट मिरवल्यावर सांगणार कसं? शेवटी त्यांनी कागद पुढे केला. ‘सल्ला मान्य’ लिहून सही ठोकली. कसला सल्ला, देव जाणे!

गुरुवार, ६ मार्च

अध्यक्ष रस्त्यात आडवे आले. ‘एक शब्द तरी?’ — ‘गुप्त!’ शिंपीणबाईनं सदऱ्याला फुकट बटणं लावून दिली. तरी गुप्त!

हिनं अबोला धरलाय. ‘बायकोपासूनसुद्धा लपवता?’ काय सांगणार, कप्पाळ! हिची झोप माझ्या सहीवर, आणि मी कशावर सही केली ते मलाच ठाऊक नाही.

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी वायरमन गच्चीवर चढला. भोंगा उतरला! शिंपीणबाई भर रस्त्यात नाचली. ही म्हणाली, ‘माझा वाघ!’ मी मिशीला पीळ दिला.

शनिवार, ८ मार्च

डोळे उघडले तेव्हा साडेनऊ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

पलंग हादरत असणार रोज. म्हणजे मलाही भोंगाच उठवायचा. म्हणजे मीही बाहेर जायला हवं होतं. म्हणजे ती सही —

घाबरून हिला हलवलं, सगळं सांगितलं.

‘गुप्त ठेवा,’ ही म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.