गाडी नसताना वाजवलेली घंटा

अण्णा,

तुमच्या स्टेशनात गेल्या रविवारी घंटा झाली. गाडी नव्हती. येवल्याच्या अलीकडच्या त्या फलाटावर आता गाडी थांबतच नाही. दुसरी लाइन पडली, नवं स्टेशन पुढे गेलं आणि तुमची इमारत वटवाघळांच्या ताब्यात गेली. तरी घंटा झाली. मी वाजवली, दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरून, आणि येत्या रविवारीही वाजवणार आहे. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण तुम्हाला ते मुळीच आवडलं नसतं.

इमारत पाडायचं ठरलं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गाडी थांबत नाही ते स्टेशन कसलं, पाडू द्या. मी पाडू दिलं नाही. कांद्याचे एक व्यापारी, पैठणी विणणारे नवराबायको, शाळेतल्या एक बाई आणि तुमच्या हाताखाली रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, ज्यांना मी अजून काकाच म्हणते, असे आम्ही जमलो, सगळे बिनपगारी. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, परवानगी काढली. भिंती खरवडून चुना दिला, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव पुन्हा रंगवलं. आता दर रविवारी मी नाशिकहून निफाडच्या रस्त्याने येते आणि कुलूप काढते. तिकिटावर तारीख उमटवायचं यंत्र, रॉकेलचे कंदील, हिरवी-लाल निशाणं, सगळं जागच्या जागी मांडलंय. दाराबाहेर तो रुळाचा तुकडाही टांगलाय, ज्याला आपण घंटा म्हणायचो. बघायला येणारे या इमारतीला म्युझियम म्हणतात, मी स्टेशनच म्हणते.

त्या घंटेवरून आपलं जुनं भांडण आहे. मी चौथीत आहे, भर दुपार आहे, तुम्ही आत टेबलाशी डबा खाताय. मी दांडा उचलते आणि तुमच्यासारखेच दणदणीत ठोके देते. बांधावरून एक कुटुंब धावत येतं. बाईच्या डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल, मागे धापा टाकणारा म्हातारा. तुम्ही माझा कान धरून मला त्यांच्यासमोर उभं करता. “सांग यांना. गाडी नाही म्हणून सांग.” माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी ती बाईच म्हणाली, “जाऊ द्या मास्तर, लेकरू हाय.” तुम्ही जाऊ दिलं नाही. “घंटा गाडीची असते, आपली नसते,” एवढं बोलून डबा तसाच झाकलात. हे वाक्य मी जन्मभर वागवलं, अण्णा. वर्गात हात वर करताना, नोकरीत साहेबासमोर तोंड उघडताना, आधी स्वतःला विचारायची, गाडी आहे का? नसली की गप्प. खेळणाऱ्या स्वतःच्या पोरीला एवढी शिक्षा? मला तुमचा राग आला होता आणि तो अजून आहे.

म्हणून घंटा टांगली त्या दिवसापासून काकांचं आणि माझं वाजलं. काका म्हणाले, “मास्तरांचा नेम व्हता. गाडी नाय तर घंटा नाय. कुणी फसलं म्हंजे?”

“घंटा मुकी ठेवली तर हे गोदाम होईल काका. माल मांडायचा आणि कुलूप लावायचं.”

“वाजवलीस तर मी येत नाय उद्यापास्नं.”

काका गेले असते तर बाकीचेही पांगले असते, हे मला कळत होतं. तरी गेल्या रविवारी वाजवलीच. आणि व्हायचं तेच झालं. वस्तीवरून एक म्हातारी पिशवी घेऊन, काठी टेकत, भराभरा आली. काका म्हणाले, “झालं समाधान? आता सांग तिला तूच.” तोच फलाट, आणि पुन्हा मीच उभी. पण या वेळी बोलले. “आजी, गाडी नाही.”

म्हातारी बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं. “मला ठाव नाय व्हय? गाडी बंद झाली तवा मी काय मेले व्हते? घंटा झाली अन् पाय निघाले. लय दिस झाले गं ऐकून.” मग पिशवीतून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. “रविवारी परत वाजवशील ना? सुनेलाबी आणते.”

काका पाठ फिरवून कंदील पुसत बसले. संध्याकाळी जाताना दांडा त्यांनीच खुंटीला अडकवला. उद्यापासून येत नाही, हे काही पुन्हा बोलले नाहीत.

तर तुमचा नेम मी मोडलाय, आणि उघडपणे मोडलाय. “ही घंटा गाडीची नाही” अशी पाटी लावा, असं शाळेतल्या बाई सुचवतात. तीही मी लावणार नाही. घंटा ऐकणाऱ्याचीही असते, अण्णा. तुम्ही त्या म्हातारीचं तोंड बघायला हवं होतं.

हे पत्र टाकायचं नाही. पत्ता त्या स्टेशनाचाच घालावा लागेल आणि तिथलं टपाल मीच फोडते. फक्त एक सांगते. मी वाजवते ती गाडी येत असल्याची घंटा. गाडी सुटायचे ठोके वेगळे. तेही मला येतात, तुमचेच ऐकून पाठ झालेत. परवा काका फोनवर म्हणाले, “आणलीस तशी सोड की आता गाडी.” मी हसले आणि भलतंच काहीतरी बोलायला लागले. ते ठोके दिले की तुम्हीही निघालात, अण्णा. माझा हात अजून उचलत नाही.