नियोजित आठवी

११ मार्च १९५६, रविवार
पेपर दोन दिवस उशिरा येतो, पण बातमी शिळी नाही. दिल्ली सरकार जागोजागी बहुउद्देशीय हायस्कुलं काढणार. शेती, सुतारकाम, टेक्निकल, सगळं एका छपराखाली. चाकणच्या आसपास अशा शाळेला लायक गाव आमचंच. आज माझी शाळा सातवीपर्यंत, उद्या हायस्कूल. पुण्याच्या स्कूल बोर्डाकडे अर्ज केला तर तिथेच कुजेल. थेट दिल्लीला लिहिणार.

१८ मार्च
चौदा पानं. इंग्रजीत. सौ. म्हणाली, दोन पानांत नसतं का झालं? तिला मसुद्याची कल्पना नाही.

२७ एप्रिल
दिल्लीचं कार्ड आलं. 'आपले पत्र पोहोचले. विषय विचाराधीन आहे.' खाली सही. चावडीवर वाचून दाखवलं. विचाराधीन म्हणजे जवळजवळ मंजूरच.

१४ मे
सातवीच्या फायनलचा निकाल. सावळारामची कौशल्या केंद्रात पहिली. मुलगी असून पहिली, असं लोक म्हणतात. मी म्हणतो, शाळा कोणाची?

१९ मे
आमचे असिस्टंट ज्योतीराम मास्तर स्वतः पुण्याला जाऊन कौशल्यासाठी हायस्कूलचा फॉर्म घेऊन आले. वसतिगृहात मोफत जागा आहे. मुदत महिनाअखेर. हेडमास्तर म्हणून माझी सही हवी. मी त्यांना समजावलं, जूनमध्ये आठवी इथेच सुरू होते आहे. पहिलीच मुलगी पुण्याला धाडली तर दिल्लीला काय तोंड दाखवू? ते म्हणाले, "आठवी सुरू झाली तर पोरीला परत आणू. न झाली तर?" माणूस चांगला, पण दृष्टी आखूड.

२० मे
सावळाराम आणि त्याची बायको ठकुबाई घरी आले. सावळाराम म्हणाला, "गुरुजी म्हणत्यात तर मग थांबू." ठकुबाई दारातच उभी होती. म्हणाली, "आमाला दिल्ली ठावं न्हाई. पोर आज शिकती हाय." मी हसून सांगितलं, वर्षभराचा नाही, महिन्याभराचा प्रश्न आहे. सही केली नाही.

११ जून
शाळा भरली. आठवीचा हुकूम नाही. टपालाचा घोळ असणार. कौशल्याला तूर्त सातवीतच बसवलं. पाया पक्का होईल.

२ ऑगस्ट
पाटी रंगवून घेतली: 'बहुउद्देशीय हायस्कूल (नियोजित)'. कंसातलं अक्षर बारीक ठेवायला सांगितलं. कौशल्या पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवते. तिची स्वतःची पुस्तकं सगळी पाठ झाली आहेत. नवीन काही आहे का, असं दोनदा विचारून गेली. संकल्प: तिच्यासाठी आठवीची पुस्तकं आणणे.

५ सप्टेंबर
पुस्तकं राहिली. दिल्लीला स्मरणपत्र धाडण्यात आठवडा गेला.

२१ नोव्हेंबर
राज्याची फेररचना झाली, कचेऱ्या हलल्या, म्हणून उशीर. आज बोर्डाचं पत्र: माझा अर्ज दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून पुण्याला आला. योजना चालू हायस्कुलांसाठीच आहे. वरिष्ठांना डावलून थेट पत्रव्यवहार कोणत्या अधिकाराने केला, याचा खुलासा करावा. ज्योतीराम मास्तरांनी पत्र वाचून परत दिलं. मी म्हटलं, खुलासा मागतात याचा अर्थ फाइल चालू आहे.

१६ जानेवारी १९५७
कौशल्या आठवडाभर आली नाही. सावळारामकडे गेलो. पिंपरीच्या कारखान्यात लागलेला मुलगा बघितलाय म्हणाला, पोरीला पंधरावं सरलंय. मी म्हटलं, जूनपर्यंत थांबा. तो खाली बघत म्हणाला, "गुरुजी, येक जून झाला." कौशल्या आत भाकऱ्या थापत होती. बाहेर आली नाही.

६ मार्च
लग्न झालं. मांडवात मला पुढे बसवलं. कौशल्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आठवी निघाली की धाकटीला घ्या गुरुजी." नक्की, असं म्हणालो. जेवण गेलं नाही. उन्हाचा त्रास असावा.

२२ एप्रिल
ज्योतीराम मास्तरांची बदली झाली. त्यांनीच मागून घेतली, असं कळलं. मला सांगितलं नव्हतं.

१० जून
ठकुबाई धाकट्या इंदूला घेऊन आली. इंदू पाचवीत गेली आहे. पुण्यात मावशीकडे ठेवणार, दाखला द्या म्हणाली. मी सांगितलं, आठवीला आणखी तीन वर्षं आहेत, तोवर इथे काहीतरी होईलच. ती हात पुढे करून उभी राहिली.

दाखला लिहायला घेतला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याच्या कारणापाशी थांबलो. 'पालकांची इच्छा' लिहिणार होतो. मग लिहिलं: 'या शाळेत पुढील शिक्षणाची सोय नाही.'

तिला वाचता येत नाही. काय लिवलंय, तिने विचारलं. मी वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "ह्ये गेल्या साली लिवायचं हुतं, गुरुजी."

दाखला पदराखाली धरून पोरीला घेऊन गेली.