बायबल सुखरूप आहे

सोमवार, ४ एप्रिल २०११
काम फत्ते. चर्चमधलं जुनं मोठं बायबल माझ्या कपाटात, हिवाळी कोटांखाली सुखरूप आहे. साफसफाई करणारी डोरीन अकराला दार उघडं टाकून चहाला घरी जाते. ढकलगाडी थेट आत नेली. ग्रंथावर पोतं, पोत्यावर शेणखत. कुणी पाहिलं नाही.

ही चोरी नव्हे, जतन आहे. नव्या पादरीबाई सोपं भाषांतर आणणार, असं पोस्टात कानावर आलं. म्हणजे जुनं माळ्यावर, उंदरांची चैन. ज्या भाषांतराने चारशे वर्षं आम्हा इंग्रजांना बोलायला शिकवलं, त्याची ही गत? या गावच्या शाळेत मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. हे माझंच काम.

मंगळवार, ५ एप्रिल
व्याख्यानाची टिपणं. विषय : आपल्या जिभेवरचं बायबल. खाटीक काय, पोस्टमन काय, दिवसभर त्याच ग्रंथातलं बोलतात आणि त्यांना पत्ता नाही. बळीचा बकराच घ्या. सगळ्यांची पापं त्याच्या माथी मारायची आणि त्याला रानात हाकलायचं. ‘स्केपगोट’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो बायबलामुळेच. गावातलं एखादं ताजं उदाहरण शोधणे.

गुरुवार, ७ एप्रिल, दुपार
घोटाळा. पादरीबाई घरी आल्या. म्हणाल्या, मास्तर, भाषांतराला चारशे वर्षं होताहेत, तर मे महिन्यात सगळ्या गावाने जुनं बायबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचं. मेंढपाळांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे वाचणार. पण ग्रंथच गायब झालाय.

मला केकचा ठसका लागला. पोस्टातल्या बायकांवर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.

मला दहा आज्ञांचा अध्याय दिलाय. माझ्याइतकं खणखणीत कुणी वाचत नाही म्हणे. चोरी करू नको, ही आठवी. तिथे जरा भरभर वाचेन. तेव्हाच सगळं सांगणार होतो, पण त्यांचा चहा निवत होता.

शनिवार, ९ एप्रिल
चर्चच्या समितीची बैठक. किल्ल्या दोनच, एक पादरीबाईंकडे, एक डोरीनकडे. चौकशी होईपर्यंत डोरीनने किल्ली परत द्यावी, असा ठराव आला. पादरीबाई नको म्हणत होत्या. बाकी सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. माझा एकट्याचा खाली राहिला असता तर संशय आला असता.

एकतीस वर्षं ती किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती. माझ्याकडे बघून तिने ती टेबलावर ठेवली आणि बरं म्हणाली.

लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. हेही त्याच ग्रंथातलं. टिपणात घालणे.

रविवार, १० एप्रिल
आज परत ठेवणार होतो. पाऊस. ग्रंथ भिजला असता.

सोमवार, ११ एप्रिल
कंबर धरली. अगदी खरोखर धरली.

मंगळवार, १२ एप्रिल
डोरीन बेकरीत आली नाही. लोक तिच्याविषयी हळू आवाजात बोलत होते. पाव न घेताच परतलो. निनावी पत्र लिहावं म्हटलं, पण अख्ख्या गावाला अक्षरं मीच शिकवली. माझं अक्षर कोण ओळखणार नाही? जेवण गेलं नाही. मला लाज वाटते आहे. कंबरेमुळेही असेल.

गुरुवार, १४ एप्रिल, सकाळ
सहाला ढकलगाडी काढली. चर्चला कुलूप. किल्ली डोरीनकडे असती तर साडेसहाला उघडलं असतं.

ती मागे नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत काढत होती. आली, पोतं उचलून पाहिलं आणि परत नीट झाकलं. म्हणाली, त्या सोमवारी आत दारापर्यंत शेणखत सांडलं होतं, मास्तर. अंड्याची टरफलं तुमच्याशिवाय कोण घालतं त्यात? कुणाच्या नजरेला पडायच्या आत मीच झाडून काढलं.

मी विचारलं, मग बैठकीत बोलली का नाहीस?

म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्ही हात वर केलात ना, तेव्हा मला वाटलं, आता बोलणार.

मग ती घरी गेली. मी पायरीवर बसून हे लिहितो आहे. पादरीबाई नऊला येतात. सव्वाआठ झालेत. कंबर अजिबात दुखत नाही.