धोंडबा खेळून राहिला

पुष्पलता, तुझ्या गुडघ्यांना उतार पडला काय? पुष्कर, साखर तपासलीस का, की लकडगंजच्या दुकानात अजून समोशावरच दुपार काढतोस? सूनबाई प्रेमिला, तुझा खोकला गेला असावा. आणि धोंडबा, कन्हानच्या थंडीत तुझा उजवा खांदा फार ठणकतो का रे?

वकीलसाहेब म्हणाले, "भैयाजी, मृत्युपत्रात खुशाली विचारत नसतात." म्हटलं, मग गेल्यावर कोणत्या तोंडानं विचारू?

असो. मी, भैयाजी तुकाराम पौनीकर, वय एकोणऐंशी, राहणार जरीपटका, नागपूर, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, कान जरा कमी ऐकतात पण ते या कामाच्या आड येत नाहीत, आणि कोणी माझा हात धरून काही लिहवून घेतलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

१. राहतं घर पत्नी पुष्पलता हिचं. ती असेपर्यंत तिला कोणी "आई, तुम्ही मागच्या खोलीत जा" म्हणायचं नाही. तिच्यामागे घर पुष्करचं. बँकेतली ठेवही याच क्रमानं.

२. माझी लोखंडी शिडी शेजारी मधुकरराव घाटोळे यांना द्यायची होती. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही न दिलेलं बरं, असं वकीलसाहेब म्हणतात. तशीही ती त्यांच्याच गच्चीवर राहते. त्यांच्याविषयी मनात एक गाठ होती, ती कशी सुटली ते पुढे लिहितो.

३. आता हॉल. खरं तर याच कलमासाठी सगळा खटाटोप. घरामागचा टिनाचा बॉक्सिंगचा हॉल माझ्या स्वकष्टाचा आहे. कामठीच्या फौजी जवानांचा सराव कुंपणाबाहेरून पाहून मी शिकलो, आणि मग तिथे गल्लीतल्या पोरांना शिकवलं. पुष्करला त्याचं गोदाम करायचं आहे. तो म्हणतो, "बाबा, त्या हॉलात आता उंदीरच बॉक्सिंग खेळून राहिले." पोरगा खोटं बोलत नाही.

तरीही तो हॉल, रिंग, वाळूची पोती, हातमोजे आणि पितळी घंटेसकट, मी माझा शिष्य धोंडबा नत्थूजी बावणे, राहणार कन्हान, एकेकाळचा देशाचा हेवीवेट विजेता, याला देतो. अट एकच, त्यानं तो मनापासून घ्यावा. नाही म्हणाला तर हॉल पुष्करचा, आणि गोदामाला माझा आशीर्वाद.

घेईल की नाही, मला ठाऊक नाही. सहा वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. काहून, ते इथे लिहिणं भाग आहे.

४. विजेतेपद मिळवून धोंडबानं खेळ सोडला, कोळसा खाणीत नोकरी धरली. पोट सुटलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी एक दिवस दारात येऊन उभा.

"भैयाजी, मले पुन्हा खेळाचं हाय."

"वेडा झाला काय बे? तुले चप्पल घालाले वाकता येत नाही."

"चप्पल घालून कोण खेळते जी?"

मी हसलो, आणि तिथेच फसलो. वर्षभर घाम गाळला त्यानं. मग मानकापूरच्या स्टेडियमात हर्षित डोंगरेशी लढत लागली. हर्षित चोविशीचा, दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा. धोंडबा रिंगमध्ये चढताच मधुकररावांनी खुर्चीवरून आरोळी ठोकली, "आजोबा, घरी जा! नातवंडं वाट पाहून राहिली!" सगळे हसले. मग घंटा झाली.

पुढचं लिहिताना आजही अंगावर काटा येतो. पाय म्हातारे झाले हे धोंडबाला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून पायांचं काम त्यानं मानेवर सोपवलं. हर्षितचा ठोसा यायचा आणि जिथे चेहरा होता तिथे नुसती हवा असायची. मान हलायची ती माशी उठवायला हलवतो तेवढीच. तरुणपणी हा माणूस बैलासारखा धडका द्यायचा. आता जुन्या शिंप्यासारखा, चिंधीही वाया जाऊ देत नव्हता. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. मलाच येत नव्हतं, तर शिकवू काय? वय, थकवा, खाणीतली धूळ, सगळं त्यानं खेळात मुरवलं होतं, लोणचं मुरतं तसं.

फेरी संपली. तो स्टुलावर बसला आणि मी बाटली हातात धरून उभाच.

"पाणी द्या ना जी! काय पाहून राहिले?"

"तुलेच पाहून राहिलो गा."

शेवटच्या फेरीत त्याचा दम संपला, पाठ दोरीला टेकली. हर्षित आता संपवायला पुढे आला. तेवढ्यात धोंडबाचा डावा हात त्याच्या बरगडीखाली लागला, हळूच, शेजाऱ्याचं दार वाजवावं तसा. तो आडदांड पोरगा गुडघ्यावर बसला. हसणारं स्टेडियम उभं झालं. मधुकररावही उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. ते नाही म्हणतात. माझी गाठ तिथेच सुटली.

हर्षित उठला आणि गुणांवर जिंकला. निकाल बरोबर होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंतर हर्षितच मला म्हणाला, "भैयाजी, मी जिंकलो म्हणतात. मले तर तो सापडलाच नाही."

५. त्याच संध्याकाळी एका वर्तमानपत्राच्या पोराचा फोन आला. तो पुण्याकडून नुकताच आलेला. "धोंडबा कसे वाटले?" मी आनंदानं ओरडलो, "अजून खेळून राहिला गा तो!" आमच्या बोलीत याचा अर्थ, अजून खेळतो आहे, संपलेला नाही. पोरानं त्याच्या मराठीनं अर्थ लावला, की खेळायचं राहून गेलं. सकाळी ठळक छापून आलं: "धोंडबा खेळायचाच राहिला: गुरू भैयाजींची खंत."

धोंडबानं ते वाचलं, हॉलातल्या खिळ्यावरचे आपले हातमोजे तसेच ठेवले आणि कन्हान गाठलं. मी गेलो तर दार उघडलं नाही. वर्तमानपत्रानं दुरुस्ती छापली, पण निविदांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. पुष्पलता म्हणाली, "लिहिणारा बाहेरचा होता, पण वाचणारा तर आपला होता ना जी?" होता. पण छापील, शुद्ध मराठीपुढे आपल्या माणसालाही आपली बोली आठवत नाही.

म्हणून हा उपाय. छापलेल्या शब्दाला मानणारा माणूस सरकारी शिक्क्याच्या कागदाला त्याहून जास्त मानेल. सबब मी शपथेवर नोंदवतो की माझे शब्द "खेळून राहिला" हेच होते, आणि असा खेळ मी धोंडबाच्या ऐन भरातही पाहिला नव्हता.

हे सगळं आम्हां दोघांसमोर वाचून भैयाजींनी सही केली, म्हणून आमच्याही सह्या:

हर्षित डोंगरे (ठोसा खाल्लेला)
मधुकरराव घाटोळे (आरोळी ठोकलेला)

भैयाजी तुकाराम पौनीकर
जरीपटका, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२५

ता. क. धोंडबा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. याची नक्कल मी जिवंतपणीच तुला पाठवतो आहे, कारण तुझं उत्तर मला माझ्या कानांनी नाही तरी डोळ्यांनी पाहायचं आहे. हॉल नको असेल तर नको म्हण, पण स्वतःच्या हातानं आणि आपल्या बोलीत लिही. दोन ओळी पुरेत. लवकर लिही रे बापा.